खारपाणपट्ट्यातली कॉन्टेसा

माझ्या वडिलांनी आयुष्यभर अकोल्याच्या कोर्टात वकिली केली आणि घरातही ते कायम उलटतपासणी घेतल्यासारखेच बोलत आले. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी त्यांना अमरावतीला माझ्याकडे राहायला चला म्हटलं, तेव्हा ते सरळ हो किंवा नाही म्हणाले असते तर मलाच नवल वाटलं असतं. त्यांनी अट घातली.

विषय निघाला तो त्यांच्या पडण्यावरून. ते न्हाणीघरात पाय घसरून पडले होते आणि हे मला त्यांनी नाही, दूधवाल्यानं फोनवर सांगितलं. दार वाजवून कोणी उघडेना म्हणून तो मागच्या अंगणातून आत गेला, तर बाबा ओल्या फरशीवर आडवे. त्याला पाहून त्यांचं पहिलं वाक्य असं की दूध झाकून ठेव, मांजर येते. हाड मोडलं नव्हतं. किती वेळ पडून होते, हे मात्र त्यांनी आजतागायत कबूल केलेलं नाही. वय एक्क्याऐंशी. आई जाऊन सहा वर्षं झालेली. घर अकोल्याच्या बाहेर, अकोट रोडच्या बाजूला, आणि मी शंभरेक किलोमीटरवर शाळेत मुलांना रसायनशास्त्र शिकवत बसलेली. मला रात्री झोप लागेना, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी येईन त माया गाडीत येईन. बसनं नाही, रेल्वेनं नाही, अन् तुया त्या डबीत त नाहीच नाही."

माझ्या छोट्या गाडीला ते डबी म्हणतात. त्यांची गाडी म्हणजे पोर्चमध्ये उभी असलेली कॉन्टेसा. लांबलचक बॉनेट, रुंद कपाळ, पुढं दोन-दोन दिवे. मी कॉलेजात असताना त्यांनी ती नागपूरच्या एका डॉक्टरकडून जुनीच घेतली होती, आणि ती पहिल्यांदा गल्लीत शिरली तेव्हा शेजारच्या बायका हातातलं पीठ न धुता बाहेर आल्या होत्या. ती गाडी बारा वर्षांत जागची हलली नव्हती. टायर बसले होते, दारांच्या खालच्या कडा झडल्या होत्या आणि मागच्या चाकावरच्या पत्र्याला एवढं भोक पडलं होतं की त्यातून खरंच मांजर ये-जा करायची. म्हणजे अट अशी होती की जी पुरी होणारच नाही. बाबांना वाटलं, केस निकालात निघाली.

पण मीही त्यांचीच मुलगी. मी म्हटलं, मंजूर. शाळा उघडायच्या आत गाडी रस्त्यावर येईल आणि तुम्ही तिच्यात बसाल. आपल्याकडं शाळा जूनच्या शेवटी उघडतात. तोवर सुट्ट्या, शनिवार-रविवार माझे होते. नंतर बाबा पुन्हा एकटे पडणार होते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुला स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करता येत नाही. ते खरं होतं, पण त्या क्षणी ते बोलायची गरज नव्हती.

गावातला एक जुना डेंटिंग-पेंटिंगवाला मिस्त्री रविवारी घरी येऊन काम करायला तयार झाला. गाडी ओढून नेणं शक्यच नव्हतं. त्यानं गाडीखाली मान घातली, स्क्रूड्रायव्हरचं टोक तळाच्या पत्र्याला लावलं आणि नुसतं दाबलं. टोक आरपार गेलं. त्यानं दुसरीकडे लावलं, तिथंही गेलं. बाहेर येऊन त्यानं स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

"ताई, इंजिन म्हाताऱ्या माणसासारखं हाय, जरा खोकलंन अन् उठंन," तो म्हणाला. "पन खाली पत्राच नाई राह्यला."

बाबा पोर्चमध्येच खुर्चीवर पेपर घेऊन बसले होते. त्यांनी पेपराआडून निकाल दिला की हा काळ्या मातीच्या चिखलाचा प्रताप आहे, आणि वयाचा. कोणाचंही वय झालं की खालून जातंच. यावर मिस्त्री हसला आणि मीही हसले.

कामाची वाटणी ठरली. पत्रा कापणं, नवा बसवणं, वेल्डिंग आणि रंग मिस्त्रीचा. खरडणं आणि घासणं माझं. संक्रांतीपासून सुरुवात केली. तारेच्या ब्रशानं सुटे पापुद्रे काढायचे, मग ग्राइंडर लावायचा, मग हातानं वॉटर पेपर. वॉटर पेपर म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा कागद; पाणी नसेल तर तो दोन मिनिटांत भरून बसतो. पहिल्या दिवशी माझ्या बोटांची सालं निघाली. तिसऱ्या आठवड्यात मला गोडी लागली. तांबूस भुगा उडत जातो, खरबरीत हाताखाली हळूहळू गुळगुळीत लागायला लागतं आणि एकदम पांढरा चकचकीत पत्रा डोळे उघडतो. बत्तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले आणि संध्याकाळी पुसत आले. इथं जे पुसलं ते पुसलेलं राहत होतं. मला फार आनंद व्हायचा, लहान मुलासारखा, आणि तो लपवावा असं वाटत नसे.

बाबांनाही मजा यायला लागली होती, पण ते कबूल करतील तर शपथ. खुर्ची रोज हातभर गाडीजवळ सरकायची. प्रत्येक पोच्याचा इतिहास त्यांना पाठ. हा दर्यापूरच्या लग्नात बैलगाडीची धुरा लागली तो. हा तुझ्या आईनं गाडी शिकताना. शिकणं दोनच दिवस चाललं, कारण तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, गाडी चांगली आहे, मास्तर खराब आहे. आईचा पोचा ठोकू नको, असं ते मिस्त्रीला म्हणाले. मिस्त्रीनं तो राहू दिला.

आणि धुण्याची गोष्ट त्यांनी किती वेळा सांगितली असेल. गाडी घेतल्यापासून त्यांनी ती रोज सकाळी धुतली. कोर्टात जायच्या आधी धुतली, निवृत्त झाल्यावर धुतली आणि ती उभी राहिल्यावर बारा वर्षं, जागेवरच, धुतली. "गाडी वरून कोनीबी धुते," ते म्हणायचे. "खालून धुवा लागते." त्यासाठी त्यांनी बोअरला लांब पाइप जोडून घेतला होता. चाकांच्या आतून, तळाखालून, दारांच्या कडांतून पाणी मारायचे. या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस अख्ख्या रोडवर नव्हता.

बोअरचंच पाणी का, हे आमच्याकडं कोणी विचारत नाही. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. जमिनीतून येतं ते पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या काठाला पांढरी पुटं चढतात. नळाचं गोडं पाणी येतं ते चार-पाच दिवसांआड, आणि ते फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला. नळ नव्हता तेव्हा बाबा सायकलीला दोन कॅन बांधून तीन किलोमीटरवरून गोडं पाणी आणत. लहानपणी माझ्या हातून एकदा गोड्या पाण्याचा तांब्या सांडला, तर ते दोन दिवस बोलले नव्हते. अशा घरात गोडं पाणी गाडीवर ओतणं हा विचारसुद्धा कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आला नाही.

मी दोन महिने घासत होते तेही बोअरच्या पाण्यानंच. उघडा केलेला पत्रा मी बोअरच्या पाण्यानं स्वच्छ धुतला. बाबांनी शिकवल्याप्रमाणे, आतून आणि खालून. उन्हात वाळवला. होळीच्या आठवड्यात मिस्त्रीनं नवा पत्रा जोडून सगळीकडून करडा प्रायमर मारला आणि गाडी पहिल्यांदा गाडीसारखी दिसली. बाबा तिच्याभोवती दोनदा फिरले. मग मला म्हणाले, अमरावतीच्या घरी तुझ्याकडं गाडी ठेवायला सावली आहे का? मी तोंड फिरवलं, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते येणार होते.

नंतर चार दिवस अवकाळी पाऊस झाला. हवा दमट झाली. पुढच्या रविवारी मी पोर्चमध्ये पाऊल टाकलं आणि थांबले. दारांवर, चाकांच्या कमानींवर, मी जिथं जिथं हातानं धुतलं होतं तिथं तिथं प्रायमरला फोड आले होते. मसुराएवढे, हरभऱ्याएवढे, शेकड्यांनी.

मिस्त्रीनं एक फोड नखानं फोडला. आत ओल होती आणि खाली पत्र्यावर पुन्हा तांबूस डाग. त्यानं बोट जिभेला लावलं.

"खारं हाय," तो म्हणाला. "ताई, पानी कोनतं घेतलं तुमी?"

मी सांगितलं. सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं, आणि मला इतकी लाज वाटली की मी भिंतीला टेकले. दरवर्षी दहावीच्या वर्गात मी परीक्षानळ्यांत खिळे टाकते. एक कोरडा, एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात. आठवड्यानं मुलांना विचारते, कोणता लवकर गंजला? मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा बरोबर सांगतं. पत्र्यावर मीठ वाळवून मी त्यावर रंग चढवू दिला होता.

मिस्त्री भला माणूस. मला धीर द्यायला म्हणून तो म्हणाला, यात तुमची काही चूक नाही, या भागातल्या सगळ्या गाड्या अशाच जातात. ही खालून एवढी सडली ती पण याच पाण्यानं, रोज आत मीठ जाऊन बसत होतं, न धुता उभी ठेवली असती तर इतकी सडली नसती. तो सरळ मनानं बोलत होता. त्याच्या मागं खुर्ची होती, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

बाबांनी पेपराची घडी घातली. एकदा, दोनदा, अगदी लहान होईपर्यंत. मग उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघताना ते म्हणाले, भंगारवाल्याला बोलव. मी म्हटलं, आणि अमरावती? तर म्हणाले, अट मी घातली होती, ती मीच मागं घेतो; आता गाडीही नाही आणि येणंही नाही. आवाज चढवला नाही, म्हणून मी जास्त घाबरले. पुढचे काही आठवडे ते फोनवर फक्त हवामान सांगायचे. दूधवाल्याकडून कळलं की सकाळी ते पोर्चमध्ये येतच नाहीत. पस्तीस वर्षांची बादली आणि पिवळं फडकं त्यांनी कुठंतरी आत टाकून दिलं होतं.

मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली, दोन्ही एकाच वेळी. ज्या माणसानं एखाद्या वस्तूवर इतका जीव लावला, त्याच्याच हातानं ती संपली, आणि हे त्याला एक्क्याऐंशीव्या वर्षी, परक्या माणसाच्या तोंडून कळावं. पण त्या दुःखात ते पुन्हा त्या न्हाणीघरात एकटे राहणार होते, ते मी कसं चालू देणार?

मेच्या सुट्टीत मी अमरावतीहून निघाले तेव्हा डबीच्या मागच्या सीटवर आणि डिकीत वीस-वीस लिटरचे सहा कॅन होते. आमच्या अमरावतीच्या नळाचं, धरणाचं पाणी. बडनेऱ्याच्या पुढं चहाला थांबले तर टपरीवाल्यानं विचारलं, अकोल्यात पाणी नाही का? मी म्हटलं, आहे, फार आहे. अकोल्याला पोचले आणि कॅन एकेक करून पोर्चमध्ये लावले. बाबा दारात उभे राहून पाहत होते.

"काय करून राहिली हे?"

"घासून राहिली. पुन्हा."

"काहून? मी नाही म्हटलं ना. सडवली मी ते गाडी. माया हातानं सडवली."

मी कॅन खाली ठेवला. पाठ भरून आली होती आणि डोकं तापलं होतं, त्यामुळं जे आलं ते बोलले. "हो, तुमी सडवली. तुमाले माहीत नव्हतं. मी त रसायन शिकवते बाबा, मले माहीत होतं, तरी मी बी तेच केलं. काहून केलं? तुमी रोज धुवत होते म्हणून. मले वाटे, बाबा करते ते बरोबरच असंन. आता दोघानं मिळून बिघडवली त दोघानं मिळून नीट करू. नाही त सांगा सरळ का तुमाले माया घरी यायचंच नाही."

ते वळून आत गेले. आतून भांड्यांचा आवाजसुद्धा आला नाही.

मी कामाला लागले. अकोल्याचा मे महिना म्हणजे नऊनंतर पत्र्याला हात लावता येत नाही, तेव्हा पहाटे पाचला सुरुवात. सगळा प्रायमर पुन्हा काढला. प्रत्येक कड धुतली, तीन-तीनदा, अमरावतीच्या पाण्यानं. मोजून-मापून वापरलं तरी पाचव्या दिवशी शेवटचा कॅन वाजायला लागला, आणि एक बाजू अजून बाकी होती. उरलेली बाजू ओल्या फडक्यानं पुसून भागेल का, असा विचार करत मी खाली बसले होते.

त्या दिवशी नळ आला होता. आत पाणी भरण्याचा आवाज बराच वेळ येत होता. मग दार उघडलं आणि बाबा दोन्ही हातांनी पितळी गुंड धरून हळूहळू बाहेर आले. आईचा गुंड, प्यायच्या पाण्याचा हंडा. पायरीवर मी धावले, पण त्यांनी मानेनंच नको म्हटलं. गुंड गाडीजवळ टेकवला, तांब्या बुडवून भरला आणि माझ्या हातातल्या कागदाच्या वर धरला.

"घास," ते म्हणाले. "अन् सांडू नको."

तो महिना असाच गेला. ते बारीक धार धरायचे, मी घासायचे. प्यायला पाणी कमी पडायला लागलं तेव्हा मी त्यांना बाजारातलं बाटलीचं पाणी आणून दिलं. ते त्यांनी नाक मुरडून प्यायलं आणि नळाचं गाडीला घातलं. ज्या माणसानं एका तांब्यासाठी दोन दिवस अबोला धरला होता, तो गुंडामागून गुंड चाकाच्या कमानीवर ओतत होता. मिस्त्री आला, त्यानं बोट फिरवून पाहिलं, जिभेलाही लावून पाहिलं आणि प्रायमरचा डबा उघडला. या वेळी आम्ही दहा दिवस वाट पाहिली. एकही फोड आला नाही.

रंग बाबांनीच निवडला, पहिलाच, गडद मरून. वारा सुटायच्या आत, पहाटे मिस्त्रीनं तो तीन हातांत मारला. इंजिन त्याच्या म्हणण्याप्रमाणे खोकून उठलं. नोंदणीच्या नूतनीकरणाची फाइल बाबांनी स्वतः लावली आणि तपासणीला गाडी नेली तेव्हा तिथल्या माणसाला त्यांनी न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं दिली. कागद हातात आला त्या संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर एक पिशवी ठेवली. आत चार सदरे, औषधं, आईचा फोटो आणि ते पिवळं फडकं होतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. गाडी मी चालवली. ते पुढं बसले, काच खाली करून, पांढरा शर्ट घालून. मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी माझ्या प्रत्येक गिअरवर हरकत घेतली. एका पंपावर चार जणांनी गाडीबरोबर फोटो काढले आणि बाबांनी त्यांना आईचा पोचा दाखवला. बडनेऱ्याच्या आसपास ते झोपले. त्यांचं डोकं काचेकडं कललं होतं आणि मला किती दिवसांनी छातीत मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंगणातल्या नळाच्या आवाजानं जाग आली. खिडकीतून पाहिलं, तर बाबा गाडीजवळ स्टुलावर बसले होते. पायाशी भरलेली बादली, खांद्यावर पिवळं फडकं. मी खाली गेले. त्यांनी मला पाहिलं नाही. बादलीत एक बोट बुडवलं, ते जिभेला लावलं आणि डोळे मिटून, साक्षीदाराचा जबाब ऐकावा तसे थोडा वेळ बसून राहिले.

"गोडं हाय," ते म्हणाले. मग मी मागं उभी आहे हे कळल्यावर त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, माझ्याकडे धरलं आणि बादली पायानं माझ्या बाजूला सरकवली. "मले आता वाकवत नाही. तू कर. खालून सुरू कर."